साखर धरलेली बाटली

२२ सप्टें., सोम. घटस्थापना

सकाळी घट बसवला, नऊला कॉलेज. दाज्याभाऊंची नवमीची तयारी आजपासूनच. लोक खंडेनवमीला हत्यारं पुजतात, आमच्या लॅबमध्ये बाटल्या पुजतात. एकतीस वर्षं हा लॅब अटेंडंट एकेक बाटली ओल्या फडक्याने पुसतो, कुंकवाचं बोट लावतो, अॅसिडला झेंडू वाहतो. इंग्रजी लेबल वाचता येत नाही, पण कुठली बाटली कुठे ते झोपेतही सांगतील. मार्चमध्ये रिटायर. शेवटची नवमी, म्हणून उत्साह दांडगा.

शिडीवरून हाक मारली, "मॅडम, हाई वरनी बाटलीले साखर धरनी शे."

म्हटलं, कसली साखर?

"काकवीले धरस ना, तशी. बूचना भवती."

मी पेपर तपासत होते. मान वर न करता म्हटलं, राहू द्या, उद्या बघू. संध्याकाळी भाकरी थापताना एकदम डोक्यात उजेड पडला. काकवीला साखर धरते, मधाला धरते. वरच्या फळीवर यातलं काहीच नाही. वरच्या फळीवर ईथर आहे.

भाकरी करपली. ह्यांनी तशीच खाल्ली.

२३ सप्टें., मंगळ.

पावणेआठलाच पोचले. शिडीवर चढायची छाती झाली नाही. खालूनच टॉर्च मारला. तपकिरी बाटली, तळाशी दोन बोटं उरलंय, बुचाभोवती पांढरे खडे. खडीसाखरेसारखे, छान चमकतात मेले.

दा.भाऊ आले. विचारलं, हात लावलात?

"गुरुवारनीच देखेल शे मी. उनमा ठेवी दिधी दोन दिन, इरघळी जाई म्हणीसन. इरघळनी नई. मंग जरा हालाई देखी."

उन्हात. दोन दिवस. आणि हलवून बघितली. मी तिथेच स्टुलावर बसले. ते पाणी आणायला धावले आणि मी ओरडले, धावू नका, पाय आपटू नका! बिचारे पार बावरले. काकवीला साखर धरली की बरणी उन्हात ठेवायची, हे गुऱ्हाळाच्या मुलखात शेंबडं पोरही सांगेल. चुकलं काय त्यांचं?

काय झालंय ते मला माहीत आहे, हीच पंचाईत. ईथरचा रेणू लहान, हलका, उडून जाणारा. बाटली एकदा उघडली की आत हवा शिरते. एकेका रेणूला ऑक्सिजन चिकटतो. मग असे दोन एकमेकांना धरतात, त्या दोघांना तिसरा येऊन मिळतो, साखळी वाढत जाते. साधं ईथर उडून जातं आणि ही जुळलेली मंडळी मागे राहतात. जड, चिडकी. पेरॉक्साइड. बुचाच्या आट्यांत जाऊन बसतात. बूच फिरवलं तरी बस्स. धक्का, ऊन, काहीही पुरे.

बाटली उघडली की लेबलवर तारीख टाकायची. दर वर्षी पोरांना हे टाहो फोडून सांगते. या लेबलवर तारीख नाही. 'ईथर' एवढंच, आणि अक्षर माझं. सहा वर्षं झाली? सात? दर उन्हाळ्यात तपासणीच्या कागदावर 'ठीक' लिहिलंय. गुडघे दुखतात म्हणून शिडी चढले नाही, खालूनच ठीक.

हे कुणालाही सांगितलेलं नाही. इथे लिहिते.

२४ सप्टें., बुध.

प्राचार्यांकडे गेले. ऐकून घेतलं, मग हसले. "मॅडम, बोंबील विसरलात वाटतं?"

कशी विसरेन? चार वर्षांपूर्वी गॅस गळतोय म्हणून मी अख्खं कॉलेज मैदानात काढलं होतं आणि निघाले काय, तर क्लार्कच्या डब्यातले बोंबील. तेव्हापासून मी 'लांडगा आला रे' वाली बाई.

प्राचार्य म्हणे, "एवढंच आहे तर मागच्या पडक्या विहिरीत टाकून द्या. दाज्या टाकेल."

माझा तोल गेला. स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर ओरडले, त्या बाटलीला कुणी हात लावायचा नाही! लॅबमधली एक बाटली जरी कुणी बाहेर नेली तरी त्याला खुनी म्हणेन, तुरुंगात पाठवीन! दा.भाऊ दारात उभे होते, खडूचा डबा घेऊन. चेहरा राखेसारखा. त्यांना नव्हतं म्हणायचं मला. प्राचार्यांना म्हणायचं होतं. पण प्राचार्यांना थेट म्हणायची हिंमत कुठे आहे?

लॅब बंद केली. दुसरी किल्ली दा.भाऊंकडे असते, मागून घेतली. एकतीस वर्षांत कुणी मागितली नसेल. करगोट्याची सोडून हातावर ठेवली.

बारावीचा तास व्हरांड्यात घेतला. नेमका धडा रासायनिक बंधांचा. आधीच उल्हास! एक पोरगी विचारते, "मॅडम, जोडी जमली की रेणू स्थिर होतात ना?" तीस वर्षं मीच हे सांगत आलेय. एकटा अणू अस्वस्थ, जुळला की शांत. हो म्हटलं आणि फळ्याकडे तोंड केलं. सगळ्याच जोड्या शांत व्हायला जमत नाहीत, हे त्यांच्या पुस्तकात नाही.

२५ सप्टें., गुरु.

पोलीस स्टेशन. अर्ज दिला. हवालदार : "ईथर म्हणजे ते रुमाल नाकाला लावून बेशुद्ध करतात तेच ना?" म्हटलं हो, तेच. "मग त्याला काय भ्यायचं?" अर्धा तास समजावलं. माझे हात थरथरत होते, ते बघून बहुधा विश्वास बसला, माझ्या रसायनशास्त्रामुळे नाही. बॉम्बवाल्या पथकाशी फोनवर बोलले. पथक नवरात्राच्या बंदोबस्तात. बुधवारी येतील, म्हणजे ऐन नवमीला. तोवर खोलीत कुणी जायचं नाही, लाईट लावायची नाही.

सहा दिवस.

खिडकीला बाहेरून गोणपाट लावून घेतलं, ऊन नको म्हणून. खिळे ठोकले नाहीत. दा.भाऊंनी सुतळीने बांधलं, बोटाने, एवढंसुद्धा वाजू न देता. अशा हातांचा माणूस पुन्हा मिळायचा नाही. तसं त्यांना म्हणायला हवं होतं.

२७ सप्टें., शनि.

कुकरची शिट्टी झाली आणि मी लाटणं टाकून अंगणात. हे ओट्यावर पेपर वाचत होते. "तुले तं पालबी मगर दिखस!" म्हणून पोट धरून हसले.

मग थोड्या वेळाने आत येऊन हळूच विचारलं, "खरंच फुटी का वं ती?"

म्हटलं, फुटू शकते.

"मंग तू कसाले जास तठे?"

काय सांगू. मी नाही गेले तर दुसरं कुणी जाईल म्हणून जाते. रोज तीनदा कुलूप ओढून बघते आणि ओढतानाही भीती, की तेवढ्या हिसक्याने...

२८ सप्टें., रवि.

रविवार असूनही गेले. साठ्याचं जुनं रजिस्टर ऑफिसात असतं, ते काढलं. बाटली कधी उघडली ते तरी कळावं.

सात वर्षांपूर्वी ईथरच्या बाटल्या दोन आल्या होत्या. दोन!

एक फळीवर आहे. दुसरीपुढे शेरा 'संपली', खाली माझी सही. खूप आठवून पाहिलं. मोहाच्या बियांमधलं, म्हणजे टोळंबीचं तेल काढून दाखवायचा प्रयोग केला होता, तेव्हा दोन्ही उघडल्या. एकीचं लेबल तेलाने निघून गेलं. बिनलेबलची बाटली ठेवायची नाही हा नियम. मी दा.भाऊंना म्हटलं, ही टाकून द्या. आणि लिहिलं 'संपली'. संपली नव्हती. अर्धी होती.

टाकली असेल. माझा शब्द ते कधी खाली पडू देत नाहीत.

२९ सप्टें., सोम.

गेल्या गेल्या विचारलं. ती बिनलेबलची बाटली तेव्हा ओतून दिली होती ना?

"हो."

कुठे?

"मांगे."

मागे म्हणजे पडीक शेतात. हुश्श झालं. एवढं बरं वाटलं की दोन कप चहा प्याले. पण बोलताना वर बघितलं नाही त्यांनी. किल्लीचा राग असणार. असू दे. बुधवारनंतर मी स्वतः त्यांच्या हातावर किल्ली ठेवीन, सगळ्यांसमोर.

दुपारी आले. "मॅडम, आत नई तं नई. दारले तरी कुकू लावू का?"

म्हटलं, दार न हलवता. एका बोटाने कुंकू लावलं, चौकटीला झेंडूचं तोरण. हात जोडून बराच वेळ उभे राहिले. ओठ हलत होते, पावरीत, त्यांच्या घरच्या बोलीत, काहीतरी चाललं होतं. मला पावरी येत नाही. इतकी वर्षं एका खोलीत काम करून येत नाही.

१ ऑक्टो., बुध. नवमी

क्रमाने लिहिते.

साडेदहाला पथक आलं. चौघं. पोरांना आधीच सुट्टी दिलेली. त्यातल्या एकाने गाद्यांसारखा जाड पोशाख चढवला, मला म्हणाला, बाई, फळी नेमकी कुठली ते कागदावर काढून द्या. काढून दिली. तो आत गेला. मी रस्त्याच्या पलीकडे बांधाआड बसले होते, तोंडात पदराचा बोळा. अर्ध्या तासाने वाळूच्या पेटीत घालून बाटली बाहेर आली, मागच्या पडीक शेतात नेली. मग आम्हाला कान झाका म्हणाले.

दोन बोटं होतं आत. फक्त दोन बोटं. आवाज कानात नाही, पोटात बसला. निंबावरचे सगळे कावळे उठले. खड्डा पाहिला, कोंबडं झाकायच्या पाटीएवढा. पथकाचे साहेब म्हणाले, "मॅडम, तुम्ही बोललात ते बरोबर होतं." प्राचार्यांनी सगळ्यांना चहा सांगितला.

खरं सांगते, लहान पोरीसारखा आनंद झाला. कुणाला सांगू, तर दा.भाऊंना. पर्समध्ये त्यांची किल्ली होती. वळून पाहिलं तर नाहीत. क्लार्क म्हणाला, "ते सकाळच्या पहिल्या जीपने धडगावला गेले. रजा टाकलीय."

नवमीला? शेवटच्या नवमीला?

सव्वाएकला फोन आला. मागे वारा आणि खरखर.

"मॅडम, आवाज व्हयना का?"

झाला, संपलं एकदाचं! कुठे आहात तुम्ही?

"मोठा व्हता का आवाज?"

मोठा होता.

मग : "तुम्ही संपली लिख्यात ना, ती बाटली. मी फेकी नई. बैलना खांदाले किडा पडेल व्हतात, घरले लई गयतू. थोडीशी लावी. बाकी तशीच शे. चूलनी वरनी फळीवर. तिले बी साखर धरनी शे."

घरी नेऊन चुलीच्या वर. रोजची धग. सात वर्षं.

घरात कोण आहे, विचारलं. "सून, नि तिन्हा दोन पोऱ्या."

सोमवारी मला का नाही सांगितलंत? मी ओरडले असणार, क्लार्क धावत आला.

"तुम्ही तुरुंग बोल्यात."

म्हटलं, भाऊ, सगळ्यांना आत्ता घराबाहेर काढा, त्या फळीकडे कुणी बघूसुद्धा नका, मी पोलिसांना पाठवते...

"पोलीस नको मॅडम. पाडावर पोलीस नको. मी लई येस ना. हळूच लयस, मांडीवर ठीसन. तुम्हनी वस्तू तुम्हले दी टाकस."

मांडीवर ठेवून आणणार म्हणे! दाज्याभाऊ, हात लावू नका! तीनदा म्हटलं. तिन्ही वेळा ऐकलं की एकदाही नाही, देव जाणे. फोन तुटला होता. त्यानंतर एकच बाई बोलतेय, संपर्क क्षेत्राच्या बाहेर.

त्याच दिवशी, संध्या.

पथक निघायच्या बेतात होतं. गाडीसमोर जाऊन उभी राहिले. सगळं सांगितलं. पोलीस नको म्हणाले होते, तरी सांगितलं. त्यांचा विश्वास मोडला. नसता मोडला तर?

साहेबांनी वही काढली. "संपली असं कोणी लिहिलं?"

मी.

"संपली नव्हती?"

नव्हती. अर्धी होती. मी बघितली होती.

प्राचार्य बाजूलाच होते. त्यांच्याकडे बघितलं नाही.

गाडी धडगावकडे गेली. पुढे रस्ता संपतो, पाड्यापर्यंत दीड-दोन तास डोंगर चढून जायचं. अंधार पडल्यावर वाट सापडायची नाही, उजाडता चढायला लागतील म्हणतात. साहेबांचा माझ्यापाशी एकच प्रश्न होता, "तो माणूस तुमचं ऐकतो ना?"

ऐकतो हो. तेच तर. मी टाकून द्या म्हटलं, ते एवढं एकच त्यांनी ऐकलं नाही. बाकी आयुष्यभर ऐकलं. आता मी 'खुनी' म्हटलं ते ऐकून बसलेत, 'तुरुंग' म्हटलं ते ऐकून बसलेत. माझी जीभ झडो.

हे आज हसत नाहीत. जवळ येऊन बसले, म्हणाले, "तू जेवी ले." जेवले नाही.

२ ऑक्टो., गुरु. दसरा

वही बरोबर घेतलीय. फाट्यावर बसून लिहितेय. हातांना काहीतरी काम हवं.

सातपासून इथे. धडगावहून म्हसावदमार्गे येणारी प्रत्येक जीप इथेच थांबते आणि दा.भाऊ इथेच उतरतात. ह्यांनी मोटरसायकलवर सोडलं. पार लांब, शाळेच्या भिंतीमागे थांबायला लावलंय त्यांना. पहिल्यांदाच माझं मुकाट्याने ऐकलं.

पावणेनऊला पथकाबरोबरच्या पोलीस शिपायाचा फोन, डोंगरावरून, तुटक तुटक. पाड्यावर पोचले. सून आणि पोरी बऱ्या आहेत, बाहेर निंबाखाली बसवल्यात. फळी रिकामी. सासरे पहाटेच निघाले म्हणते. गोधडीत गुंडाळून, पिशवीत घालून, छातीशी धरून. पायवाटेने उतरले, म्हणजे पथकाच्या वाटेने नाही.

घाटात नाका लावलाय, सगळ्या जीपा थांबवताहेत. मी फोनवर सांगितलं, थांबवा पण दमात घेऊ नका, पिशवी ओढू नका, काठी आपटू नका. "हो हो मॅडम." त्यांच्या हो हो वर माझा काडीचा भरवसा नाही. पोलीस दिसला की दा.भाऊ घाबरतील. घाबरलेला माणूस पळतो.

नऊ वीस. पहिली जीप. नाहीत.

नऊ पन्नास. दुसरी. टपावर झेंडूची पोती, माणसं लटकलेली, खड्ड्यात अशी आदळली की मी डोळे मिटले. नाहीत. ड्रायव्हरला विचारलं. म्हणे, पावरा म्हातारा, पिशवीवाला? नाका यायच्या आधीच एक उतरला होता, पोलीस बघून. मग नाक्याच्या पुढे पायी चालत होता रस्त्याच्या कडेने. मागची जीप त्याला घेईल.

म्हणजे नाका चुकवला. म्हणजे आता मध्ये कुणीही नाही.

फाट्यावर आज दसऱ्याचा बाजार. आपट्याच्या फांद्या, झेंडूचे ढीग, पोरंबाळं, नवे कपडे. एकच शिपाई आहे, तो सगळ्यांना मागे व्हा म्हणून ओरडतोय. मीही ओरडले. एक ओळखीची बाई हसून म्हणते, "काय मॅडम, परत बोंबील का?" आणखी चारजणी हसल्या. कुणी हललं नाही.

जीप इथे येऊन चालणार नाही. इतक्या माणसांत ते उतरणार, कुणाचा तरी धक्का लागणार. आणि मी दिसले नाही तर पिशवी घेऊन घाईने कॉलेजकडे चालू लागतील, मॅडमची वस्तू मॅडमना द्यायची म्हणून. मी रस्त्याने पुढे जायला हवं. बाजार संपतो तिथे पूल आहे, पुलाच्या पलीकडे दोन्ही बाजूंना नुसता ऊस. तिथे जीप थांबवायची. सगळ्यांना उतरवायचं. त्यांना म्हणायचं, भाऊ, तसेच बसा. उठू नका. मी आलेय.

हे एवढं मला जमलं पाहिजे. आवाज न चढवता.

पाय हलत नाहीत. दहा मिनिटं झाली, उठते म्हणते आणि लिहीत बसते. घाबरट आहेच मी, सगळ्या तालुक्याला माहीत आहे. शिपायाला जा म्हणावं? त्याला बघून ते पुन्हा पळतील. ह्यांना? ह्यांना नाही. मलाच ओळखतात ते. माझंच ऐकतात.

म्हसावदच्या अंगाने धूळ दिसतेय. जीपच आहे.

फार भीती वाटतेय. जाते.